परवूर ते मारकडवाडी

इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राविषयीचा संशय म्हणजे हरलेल्याचे रडगाणे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. या यंत्राच्या इतिहासाचे पहिले पान वरवर पाहता त्याला दुजोराच देते.

मे १९८२ मध्ये केरळातील परवूर विधानसभा मतदारसंघात ५० मतदानकेंद्रांवर ही यंत्रे प्रथम वापरली गेली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार सिवन पिल्लै यांनी मतदानापूर्वीच त्यांना उच्च न्यायालयात हरकत घेतली. ती फेटाळली गेली. पुढे तेच १२३ मतांनी निवडून आले आणि काँग्रेसचे पराभूत उमेदवार ए. सी. जोस यांनी न्यायालयाची पायरी चढली. निकाल लागताच संशयाने बाजू बदलली! १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान घ्यायला लावले व त्यात जोस विजयी झाले. मात्र या निर्णयाचा मुख्य आधार यंत्रातील बिघाड हा नव्हता. कायद्यात यंत्राला जागाच नव्हती, हा होता. १९८८ च्या दुरुस्तीने ती जागा मिळाली. १९९९ मध्ये गोवा विधानसभेची व २००४ मध्ये लोकसभेची संपूर्ण निवडणूक यंत्रांवर पार पडली.

कायदेशीर मान्यता आली, म्हणून विश्वास आला असे मात्र झाले नाही. साहित्याच्या अभ्यासकांना यातील पेच सहज उमगावा. मतपत्रिका हा एक पाठ होता. त्यावरील शिक्का कोणालाही वाचता येई. वाद झाल्यास पुनर्वाचन करता येई. मतपेट्या पळवल्या जात, केंद्रे बळकावली जात, हेही खरेच; परंतु तो गुन्हा डोळ्यांना दिसणारा होता. यंत्राने ही लूट अवघड केली, तसे वाचनही सामान्य मतदाराच्या हातून काढून घेतले. मार्च २००९ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने नेमके येथेच बोट ठेवले: निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे तज्ज्ञ नसलेल्या नागरिकालाही पडताळता आले पाहिजेत.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कागदी चिठ्ठीची गरज मान्य केली. ती काचेआड सात सेकंद दिसते. हरवलेला पाठ असा अंशतः परतला. २०१९ मध्ये प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याचे ठरले. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली, पण पराभूत उमेदवारांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना काही यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. तपासणारे अर्थातच उत्पादक कंपन्यांचे अभियंते.

त्याच वर्षी डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावापुरते कागदावर मतदान घेऊन पाहण्याचे ठरवले. जमावबंदी लागू झाली आणि तो बेत सोडावा लागला. त्या खटाटोपाला कायद्याचे बळ नव्हते, हे मान्यच. पण ज्या उमेदवाराच्या बाजूने हा संशय व्यक्त होत होता, तो मतदारसंघात निवडून आलेला होता. येथे हरलेल्याच्या रडगाण्याचे स्पष्टीकरण अपुरे पडते.

या यंत्रांनी निकाल फिरवला, असे आम्ही म्हणत नाही. तसे सिद्ध झालेले नाही. आमचे म्हणणे एवढेच, की यंत्र निर्दोष आहे हे तज्ज्ञाने सांगणे आणि मतदाराने स्वतः पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मारकडवाडीला दुसरी हवी होती.