पॅकेज आर्किटेक्चर (लिनक्स)

लिनक्सवर आधारित संचालन प्रणालींमध्ये सॉफ्टवेअरच्या प्रत्येक पॅकेजला एक नाममुद्रा जोडलेली असते. ते पॅकेज कोणत्या जातीच्या प्रोसेसरसाठी आणि कोणत्या अंतर्गत संकेतांनुसार तयार केले आहे, हे या मुद्रेवरून कळते. तिलाच पॅकेज आर्किटेक्चर म्हणतात. घरातील वा कार्यालयातील संगणकांचे प्रोसेसर बहुधा एकाच जातीचे असतात, त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला या मुद्रेकडे पाहण्याची वेळ क्वचितच येते. राउटर, साठवणपेट्या, रास्पबेरी पायसारखे सिंगल-बोर्ड संगणक अशा एम्बेडेड उपकरणांत मात्र ती जुळली नाही तर प्रोग्रॅम चालत नाही आणि काही वेळा उपकरणच सुरू होत नाही.

स्वरूप

सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम कंपायलरमधून गेला की त्याचे रूपांतर विशिष्ट प्रोसेसरला समजणाऱ्या यंत्राज्ञांमध्ये होते. आर्मसाठी बनवलेल्या यंत्राज्ञा मिप्स प्रोसेसरला निरर्थक असतात. एवढे वरवर पाहताही ध्यानात येते. घोटाळा होतो तो त्याच्या खालच्या थरांत. एकाच घराण्यातील जुन्या प्रोसेसरला नव्या आवृत्तीतील आज्ञा ठाऊक नसतात. एका फंक्शनने दुसऱ्याला आकडे कोणत्या जागी ठेवून द्यायचे, याचे संकेत निरनिराळे असू शकतात. प्रोग्रॅम ज्या सी लायब्ररीवर विसंबून असतो, तीही ग्लिबसी किंवा मसल अशी वेगवेगळी असते.

संख्येतील बाइट कोणत्या क्रमाने मांडायचे, हाही एक भेद आहे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना एककाचा उच्चार आधी आणि दशकाचा नंतर होतो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. दोन्हींत अर्थ एकच असला, तरी एका रीतीने सांगितलेले दुसऱ्या रीतीने ऐकले तर पंचवीसचे बावन्न होतात. लिटल-एंडियन रचनेत कमी किमतीचा बाइट आधी असतो, तर बिग-एंडियन रचनेत जास्त किमतीचा. राउटरमधील मिप्स प्रोसेसर या दोन्ही प्रकारचे आढळतात.

ज्या पॅकेजमध्ये यंत्राज्ञा नसतात, त्यांना ‘ऑल’ ही मुद्रा असते. लोहित देवनागरी फॉन्टचे डेबियनमधील पॅकेज याच वर्गातले असून ते कोणत्याही प्रोसेसरवर चालते.

आर्म प्रोसेसर आणि डेबियन

मुद्रा आणि आशय यांतील गुंतागुंत आर्मच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते. डेबियनने २००० साली प्रसिद्ध केलेल्या २.२ या आवृत्तीत आर्मचा प्रथम समावेश झाला, तेव्हा मुद्रा नुसती ‘आर्म’ होती. तिच्या संकेतांत फ्लोटिंग पॉइंट आकडेमोडीसाठी अशा एका जुन्या सहप्रोसेसरच्या आज्ञा गृहीत धरल्या होत्या, जो प्रत्यक्षात बहुतेक उपकरणांत नसे. परिणामी अशी प्रत्येक आज्ञा कर्नलला अडवून तिची नक्कल करावी लागे व काम संथ होई. २००९ साली ५.० या आवृत्तीबरोबर नवे संकेत पाळणारी ‘आर्म-ईएल’ ही मुद्रा आली आणि जुनी मागे पडली.

आर्म-ईएलमध्ये अपूर्णांक संख्याही साध्या पूर्णांकांच्या रजिस्टरांतून दिल्या जातात. प्रोसेसरमध्ये फ्लोटिंग पॉइंट विभाग असेल, तर त्याची रजिस्टरे थेट वापरणे अर्थातच अधिक वेगवान ठरते. त्यासाठी २०१३ साली डेबियन ७ मध्ये ‘आर्म-एचएफ’ ही मुद्रा दाखल झाली. या दोन पद्धतींचे प्रोग्रॅम व लायब्रऱ्या एकत्र जोडता येत नाहीत. एकाने चिठ्ठी उजव्या कोनाड्यात ठेवावी आणि दुसऱ्याने ती डाव्या कोनाड्यात शोधावी, तशी त्यांची गत होते.

रास्पबेरी पाय आणि रास्पबियन

फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायची स्थिती या दोहोंच्या मधली होती. त्यातील प्रोसेसर आर्म आवृत्ती ६ चा होता आणि त्यात फ्लोटिंग पॉइंट विभागही होता. डेबियनच्या आर्म-एचएफला मात्र किमान आवृत्ती ७ लागत असे. आर्म-ईएल त्यावर चालत होते, पण फ्लोटिंग पॉइंट विभागाचा पुरेसा लाभ मिळत नव्हता. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी त्याच वर्षी डेबियनची हजारो पॅकेजे आवृत्ती ६ साठी नव्याने कंपाइल केली. त्यातून रास्पबियन ही प्रणाली तयार झाली.

रास्पबियननेही आपल्या पॅकेजांना ‘आर्म-एचएफ’ हीच मुद्रा दिली. संकेतांच्या दृष्टीने ते योग्य होते, कारण आकडे देण्याघेण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. पण प्रोसेसरची किमान आवृत्ती या मुद्रेत कोठेच नोंदलेली नसते. म्हणून डेबियनचे आर्म-एचएफ पॅकेज पहिल्या रास्पबेरी पायवर कोणतीही तक्रार न होता बसते आणि चालवताना मात्र कोसळते. कोणी डेबियनचे भांडार रास्पबियनच्या यादीत जोडून संपूर्ण प्रणाली अद्ययावत केली, तर सी लायब्ररीच बदलली जाते. मग शेल, लॉगिन, पॅकेज व्यवस्थापक यांपैकी काहीच चालत नाही आणि मेमरी कार्ड दुसऱ्या संगणकात घालून दुरुस्त करावे लागते.

पुढे २०१५ च्या रास्पबेरी पाय २ मध्ये आवृत्ती ७ चा, तर २०१६ च्या रास्पबेरी पाय ३ मध्ये ६४ बिटांचा प्रोसेसर आला. मात्र २०१५ मध्येच निघालेला स्वस्त पाय झीरो आवृत्ती ६ वरच राहिला. परिणामी पाय ३ वर व्यवस्थित चालणारे कार्ड त्यावर बाहेरून आणलेल्या एखाद्या पॅकेजमुळे पाय झीरोमध्ये निकामी ठरू शकते.

विसंगतीची लक्षणे

प्रोसेसरचे घराणेच वेगळे असेल, तर कर्नल फाइल चालवण्यास नकार देतो व स्वरूप चुकल्याचा संदेश देतो. घराणे तेच पण आवृत्ती नवी असेल, तर प्रोग्रॅम सुरू होऊन अपरिचित आज्ञेपाशी ‘अवैध आज्ञा’ या संदेशासह थांबतो. ती आज्ञा क्वचित वापरल्या जाणाऱ्या भागात असेल, तर दोष कित्येक दिवस लक्षातही येत नाही.

तिसरे लक्षण सर्वांत फसवे आहे. डोळ्यांसमोर फाइल असताना ‘अशी फाइल वा निर्देशिका नाही’ असे उत्तर मिळते. येथे न सापडलेली फाइल म्हणजे प्रोग्रॅम नसून त्याला लायब्रऱ्या जोडून देणारा लोडर होय. आर्म-ईएल, आर्म-एचएफ आणि आर्म-६४ यांच्या लोडरांची नावे भिन्न असतात आणि ग्लिबसी व मसल यांचीही. संदेशात लोडरचे नाव नसल्याने नवशिका फाइलचा मार्ग पुन्हापुन्हा तपासत बसतो.

आर्किटेक्चर ओळखणे

‘यूनेम -एम’ ही आज्ञा बहुतेक मार्गदर्शिकांत सुचवलेली असते, परंतु ती कर्नलविषयी सांगते, बसवलेल्या पॅकेजांविषयी नव्हे. २०२३ पासून ३२ बिटांच्या रास्पबेरी पाय ओएसमध्येही पाय ४ सारख्या उपकरणांवर ६४ बिटांचा कर्नल आपोआप वापरला जाऊ लागला. तेथे ही आज्ञा ‘ए-आर्च-६४’ असे उत्तर देते, प्रणाली मात्र आर्म-एचएफच असते. त्या उत्तरावर विसंबणारी इन्स्टॉल स्क्रिप्ट ६४ बिटांचा प्रोग्रॅम उतरवते आणि वर सांगितलेला लोडरचा घोटाळा उद्भवतो. डेबियन परिवारात ‘डीपीकेजी’ला आर्किटेक्चर विचारणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

पॅकेज हाती नसून नुसती फाइल असेल, तर तिच्या शीर्षभागावरून निर्णय करता येतो. एल्फ स्वरूपाच्या फाइलमधील पाचवा बाइट ३२ बिटांसाठी १ व ६४ बिटांसाठी २ असतो, तर सहावा बाइट बाइटक्रम दाखवतो. प्रोसेसरचा क्रमांक पुढे येतो: मिप्ससाठी ८, ३२ बिटांच्या आर्मसाठी ४०, ६४ बिटांच्या आर्मसाठी १८३. ‘रीडएल्फ’ हे साधन ही माहिती वाचून दाखवते आणि आर्मच्या बाबतीत बहुधा अपेक्षित आवृत्तीही सांगते, जी पॅकेजच्या मुद्रेत नसते.

राउटरवरील पद्धत

ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या प्रणालीने मुद्रा अधिक काटेकोर ठेवल्या आहेत. ‘मिप्स-२४केसी’ आणि ‘मिप्सेल-२४केसी’ या नावांतच प्रोसेसरचा गाभा व बाइटक्रम येतो. ‘ओपीकेजी’ हा तिचा पूर्वीचा व्यवस्थापक मान्य मुद्रांची यादी व प्रत्येकीचा पसंतीक्रम राखत असे आणि यादीबाहेरचे पॅकेज नाकारत असे. कर्नल मॉड्यूलांसाठी मुद्रा जुळणेही पुरत नाही. कर्नलची आवृत्ती आणि त्याच्या मांडणीवरून काढलेला सांकेतिक ठसाही तंतोतंत जुळावा लागतो. त्यामुळे स्वतः कंपाइल केलेल्या कर्नलवर अधिकृत भांडारातील मॉड्यूल सहसा बसत नाही.

व्यवस्थापकाला नकार बाजूला ठेवायला लावणारे सक्तीचे पर्यायही असतात. डीपीकेजीमध्ये आर्किटेक्चरची तपासणी अशा रीतीने टाळता येते. त्याने पॅकेज बसते, प्रोसेसर बदलत नाही.