बॅडमिंटन कोर्टाच्या रेषा व सर्व्हिस

बॅडमिंटन कोर्टावरील रेषा एकेरी व दुहेरी या दोन्ही प्रकारांच्या हद्दी एकत्रच दर्शवितात. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतील ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळत असत. त्यावरून तो 'पूना' या नावानेही ओळखला जाई.

रेषा

कोर्टाची लांबी १३.४० मीटर असते. रुंदी दुहेरीसाठी ६.१० मीटर, तर एकेरीसाठी ५.१८ मीटर असते. रेषांची जाडी ४० मिलिमीटर असून, ज्या भागाची हद्द त्या दाखवितात त्याच भागात त्यांची गणना होते. म्हणून रेषेवर पडलेले शटल आत धरले जाते. पुढची सर्व्हिस रेषा जाळ्यापासून १.९८ मीटरवर असते. दुहेरीची मागची सर्व्हिस रेषा शेवटच्या रेषेच्या ०.७६ मीटर आत असते. परिणामी सर्व्हिसचा चौकोन एकेरीत लांब व अरुंद, तर दुहेरीत आखूड व रुंद असतो.

सर्व्हिस

सर्व्हिस करणाऱ्या बाजूचे गुण सम असल्यास उजव्या, विषम असल्यास डाव्या चौकोनातून तिरकस समोरच्या चौकोनात सर्व्हिस केली जाते. त्या वेळी पाय रेषेला लागता कामा नये. पूर्वी शटल कमरेखाली मारणे बंधनकारक होते. मात्र कमरेची उंची खेळाडूगणिक बदलत असल्याने पंचांच्या निर्णयांवर वाद होत. २०१८ पासून सर्वांसाठी जमिनीपासून १.१५ मीटर ही मर्यादा लागू झाली. दुहेरीची मागची रेषा केवळ सर्व्हिसपुरती असते. सर्व्हिस परतविल्यानंतर संपूर्ण कोर्ट खेळात येते.