आईच्या छपरावरची छत्री

परवा गावी गेलो होतो. बार्शी तालुक्यातलं आमचं गाव. संध्याकाळी साडेसातला आई टीव्हीसमोर बसली, रिमोट दाबला आणि पडद्यावर पाटी आली, रिचार्ज संपलाय. आई काही बोलली नाही. रिमोट परत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि भाकरी करायला उठली.

"कधीपासून बंद आहे?" म्हटलं.

"चार दिस झालं. तुला सांगितलं की तू लगीच पैसे टाकतोस."

म्हणजे बंद आहे हे माहीत असूनही ती रोज साडेसातला एकदा दाबून बघत होती. हे काही डोक्यातून जाईना. मग मोबाईलवर तिचा पॅक उघडून बघितला. महिन्याला तीनशे ऐंशी रुपये. त्यात स्पोर्ट्सची चार चॅनेल, इंग्रजी सिनेमाची दोन, लहान मुलांची तीन. आई बघते काय, तर दोन मराठी मालिका, सकाळचं कीर्तन आणि सातच्या बातम्या. बाकीचं कुणी घातलं? रिचार्ज करून देणाऱ्या पोराने. त्याला तरी नीट माहीत होतं की नाही, देव जाणे.

तर मुद्दा टीव्हीचा आहे, पण थोडं मागे जावं लागेल.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसायला लागलं. आमच्याकडे तेव्हा रेडिओसुद्धा मोजक्या घरांत. १९८२ साली दिल्लीत एशियाड झालं, रंगीत टीव्ही आला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत देशभर लहान लहान टॉवर उभे राहिले. आमच्या गावात टीव्ही खऱ्या अर्थाने आला तो १९८७ ला, 'रामायण' सुरू झालं तेव्हा. गावात मिळून तीन सेट. आई सांगते, रविवारी सकाळी सावकाराच्या ओसरीवर बायका दाराबाहेर उभ्या राहून बघायच्या. आत बसायला जागा नव्हती आणि मानही नव्हता.

आमचा स्वतःचा ब्लॅक अँड व्हाईट सेट आला १९९१ ला. अँटेना पत्र्यावर, वडील वर, मी खाली. "आलं का?" "मुंग्या!" "आता?" "आलं आलं... गेलं!" ज्यांचं वय चाळीसच्या पुढे आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

लोक म्हणतात, दूरदर्शन फुकट होतं. पूर्ण खरं नाही. रेडिओ आणि टीव्हीला लायसन्स लागायचं, वर्षाची फी पोस्टात जाऊन भरावी लागायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ती बंद झाली. त्यानंतर दूरदर्शनचा खर्च सरकारी तिजोरीतून आणि जाहिरातींतून निघायला लागला. पैसे आपणच देत होतो, फक्त महिन्याचं बिल दारात येत नव्हतं. हा फरक लहान वाटतो, पण माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

बिल दारात आलं ते केबलमुळे. १९९१ ला आखाती युद्ध झालं, परदेशी बातम्या उपग्रहावरून हॉटेलांत दिसायला लागल्या, त्याच वर्षी स्टार आलं. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही. गल्लीतल्या कुणा हुशार पोराने मोठी छत्री लावायची, खांबाखांबावरून वायर ओढायची आणि महिन्याला पैसे गोळा करायचे. कायदा आला १९९५ ला, धंदा आधीच उभा होता. पण केबलवाल्याचं एक होतं. तो ओळखीचा असायचा. सुगी होईस्तोवर थांबायचा. वडील वारले त्या वर्षी आमच्याकडच्याने तीन महिने पैसे मागितले नाहीत.

त्याच १९९५ साली, फेब्रुवारीत, सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. भांडण होतं क्रिकेटचं, १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण कुणी करायचं याचं. पण कोर्टाने सांगितलं ते क्रिकेटच्या फार पुढचं होतं. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, त्यांचा वापर लोकहितासाठी व्हायला हवा. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते आपले पी. बी. सावंत. लहरी लोकांच्या, हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मग डीटीएच. सरकारने २००० साली परवानगी दिली, २००३ ला पहिली खासगी सेवा आली. आणि डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने डीडी डायरेक्ट प्लस काढलं, सुरुवातीला ३३ चॅनेल. डबा आणि छत्री एकदाच घ्यायची, महिन्याचं भाडं नाही. आज त्यालाच डीडी फ्री डिश म्हणतात. आमच्याकडे तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. ते 'गरिबाचं' होतं ना! आम्हीही २०११ ला खासगी कंपनीची छत्री बसवली. खोटं कशाला बोलू, शेजाऱ्यांना दिसावी म्हणून रस्त्याच्या बाजूला बसवली.

२०१२ पासून टप्प्याटप्प्याने केबलही डिजिटल झाली. आधी मुंबईसारखी महानगरं, मग पुणे-नागपूर, शेवटी २०१७ पर्यंत खेडी. केबलवाल्याची वही गेली, कार्ड आलं. कार्डाला सुगी कळत नाही.

२०१९ ला ट्रायचे नवे दर आले. 'जे बघाल त्याचेच पैसे द्या' अशी घोषणा होती. प्रत्यक्षात काय झालं? पहिल्या शंभर चॅनेलपर्यंत नुसत्या जोडणीचे १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. चॅनेलच्या किमती त्यावर वेगळ्या. म्हणजे एखाद्या म्हातारीने फक्त फुकटची चॅनेल बघायची ठरवली तरी महिन्याला दीडशे रुपये! तेव्हा आमच्या भागात कितीतरी छपरांवरच्या छत्र्यांची तोंडं फिरली.

परवा मीही तेच केलं. तालुक्याहून मेकॅनिक आला. म्हणाला, "काकू, छत्री चांगली आहे, टाकायची नाही. फक्त तोंड वळवू. डबा तेवढा नवा." फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, जीसॅट-१५. त्याने छत्री वळवली, मी खाली टीव्हीसमोर. "आलं का?" तो वरून ओरडला आणि मला एकदम वडील आठवले.

एकूण खर्च साडेबाराशे. चार महिन्यांत वसूल.

इथवर लिहून पोस्ट संपवली असती तर जाहिरात झाली असती. पण दुसऱ्या दिवशी साडेसातला आईने रिमोट दाबला आणि तिची मालिका कुठेच नव्हती. तिने दोनदा सगळी चॅनेल फिरवली. हिंदी सिनेमे, हिंदी मालिका, हिंदी बातम्या, भजनं, भोजपुरी गाणी. मराठीत सह्याद्री आणि दोन-चार. "आपलं बोलणारं लई थोडं हाय रं यात," एवढंच म्हणाली.

हे असं का? फ्री डिशवरची जागा लिलावाने विकली जाते. आपण पैसे देत नाही, चॅनेलवाले देतात आणि ते जाहिरातींतून वसूल करतात. ज्या भाषेत जाहिरात जास्त, त्या भाषेची गर्दी. शिवाय ही जागा कायमची नाही. मार्च २०१९ मध्ये मोठ्या समूहांनी झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल, रिश्ते ही फुकट चॅनेल एकदम काढून घेतली आणि जून २०२० मध्ये परत आणली. बघणाऱ्याला कुणी विचारलं नाही. विचारणार कुणाला? फ्री डिशच्या डब्याला ना कार्ड, ना नोंदणी. ग्राहकच नाही, तर तक्रार कुणाची?

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावेच लागतील असा कायदा २००७ चा. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की ते दूरदर्शनच्या टॉवरवर आणि फ्री डिशवरच दिसतील, केबलवर नाही. म्हणून भारताची मोठी मॅच असली की पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याच्या डीडी स्पोर्ट्सवर दुसरंच काही चालू असतं आणि आईच्या टीव्हीवर मॅच. कायद्याने ठरवलं की लोकांच्या लहरी लोकांपर्यंत पोचतात, याचा हा पुरावा.

मग जे क्रिकेटला जमतं ते मराठीला का नाही? लिलावात प्रत्येक राज्यभाषेसाठी काही जागा पक्क्या राखून ठेवता येणार नाहीत का? सह्याद्रीवर खर्च करा, चांगल्या मालिका करा, चांगले लेखक बोलवा. ज्या दूरदर्शनने 'गजरा' आणि 'चिमणराव' घराघरांत नेलं, त्याच घराचं हे चॅनेल आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा २०२४ ला मिळाला, आपण पेढे वाटले. पण महिन्याला तीनशे ऐंशी रुपये न परवडणाऱ्या म्हातारीला संध्याकाळी मराठी ऐकायला मिळतं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मी आईला म्हटलं, "परत जुनंच लावू का? मी भरतो पैसे." तिने मान हलवली. "नको. मी शेजारी कमलबाईकडं जाते की साडेसातला. तिच्याकडं दिसतंय."

१९८७ ला ती दुसऱ्याच्या ओसरीवर उभी राहून टीव्ही बघत होती. आज परत दुसऱ्याच्याच घरी. फरक इतकाच की कमलबाई तिला आत बसवते, चहा देते.

तुमच्याकडे काय चित्र आहे? छत्रीचं तोंड फिरवलंत का, आणि फिरवल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं नेमकं काय हरवलं, ते कमेंटमध्ये लिहा. आपल्या खासदारांना पत्र लिहायचं ठरवलंय. त्यात माझ्या एकट्याच्या आईची गोष्ट नको.