उसाच्या पानातील शर्करावहन आणि ‘उतारा’

अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील साखरेचा इतिहास सामान्यतः कारखान्यांपासून सांगितला जातो. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु कारखाना साखर निर्माण करीत नाही. तो ती वेगळी काढतो. साखर घडते ती पानात, आणि तेथून ती कांड्यांत उतरते. शंभर भाग उसातून मिळणाऱ्या साखरेच्या प्रमाणास ‘उतारा’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘उतरणे’ हीच क्रिया आहे. मात्र पानातील हे उतरणे मोजण्याचे नेमके साधन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपलब्ध नव्हते.

१९४० मध्ये मार्टिन केमेन व सॅम्युएल रूबेन यांनी कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी समस्थानिक शोधला. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे असल्याने प्रयोग चालू असता तो क्षीण होत नाही. हवाई बेटांतील ऊस-उत्पादकांच्या संशोधन केंद्रात कॉन्स्टन्स हार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा उपयोग केला. पानाचा भाग पारदर्शक पेटीत बंद करून त्यास प्रकाशात हा कार्बन असलेला कर्बवायू द्यावयाचा. नंतर ठराविक वेळांनी झाडाचे तुकडे करून प्रत्येकातील किरणोत्सर्ग मोजावयाचा, अशी ही रीत होय. १९६३ च्या त्यांच्या निबंधात हे वहन मुख्यतः सुक्रोजच्या रूपाने होते, असे दिसून आले. पानातून खोडात आलेली साखर खाली जाते, तशीच काही अंशी वरच्या कोवळ्या भागाकडेही जाते. याच केंद्रातील कोर्टशाक, हार्ट व बर यांनी १९६५ मध्ये उसाच्या पानात प्रथम चार कार्बनांची आम्ले तयार होतात, हे प्रसिद्ध केले. पुढे हॅच व स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात त्या मार्गाचा उलगडा केला.

अवर्षणप्रवण जिल्ह्याच्या दृष्टीने हार्ट यांचे १९६७ चे संशोधन विशेष महत्त्वाचे आहे. पाणी कमी पडले असता प्रकाशसंश्लेषणापेक्षा शर्करावहन अधिक मंदावते, असे त्यांना आढळले. पालाशाच्या अभावीही वहन मंदावते, हे त्यांनी १९६९ मध्ये दाखविले. तोडणीपूर्वी पाणी तोडण्याची रूढ रीत याच्याशी वरवर विसंगत भासते. परंतु त्या वेळी वाढ थांबल्याने साखर वाढीत खर्च न होता कांड्यांत साठते. वाढीच्या काळातील पाण्याचा ताण मात्र पानातील साखर खाली उतरण्यासच अडथळा करतो.

म्हणून प्रवरेच्या कालव्याचे आवर्तन चुकले, तर त्याचे परिणाम गव्हाणीत मोळी पडण्याच्या कितीतरी आधी पानात सुरू होतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या (१९६८) या परिसरात उताऱ्याचा इतिहास लिहावयाचा, तर तो कारखान्याच्या नोंदवहीपासून नव्हे, पानापासून आरंभिला पाहिजे.