पडद्यांचा घसारा

कॉमर्सला घसारा नावाचा एक विषय असतो. टेबल घ्या, टाइपरायटर घ्या, नाहीतर ट्रक घ्या. वस्तू वापरली की झिजते आणि झिजली की दरसाल तिची किंमत वहीत थोडी खाली आणायची. हे सगळं पुस्तकात सापडतं. पण झिजलेल्या टेबलाला स्वतःच रंधा मारायचा की सुताराला बोलवायचं, हे मात्र कुठल्याही पुस्तकात नसतं. तो प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या वकुबाप्रमाणे, आणि शक्यतो बायको बाहेर गेलेली असताना सोडवायचा असतो.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या चिरंजीवांची गिटार अशीच झिजली. गिटारच्या मानेवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात त्यांना इंग्रजीत फ्रेट म्हणतात. आपण सतारीवरून पडदे म्हणू. तार वर्षानुवर्षं तिथे दाबली की पडद्याला खळगे पडतात. पहिल्या तीन-चार पडद्यांना जास्त, कारण नवशिक्याचा मुक्काम तिथेच असतो. मग तार स्वर देण्याऐवजी कुरकुर करू लागते. "काका, कानस आणून मीच घासू, की कारागिराकडे देऊ?" असा प्रश्न घेऊन स्वारी माझ्याकडे आली. बँकेतल्या माणसाला सगळ्यातलं सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो. तो मी होता होईल तो मोडत नाही. म्हणून मी इतिहासात शिरलो.

तर मंडळी, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात हा प्रश्नच नव्हता. तिथलं लाडकं वाद्य म्हणजे लूट. तिचे पडदे धातूचे नसत. आतड्याची तात मानेभोवती गुंडाळून गाठ मारली की झाला पडदा. तो झिजला की सोडा आणि दुसरा बांधा. इंग्लंडचा नामांकित लूटवादक जॉन डाउलंड याने १६१० साली छापलेल्या पुस्तकात कुठला पडदा किती जाड हवा, हे अमुक तारेएवढा, तमुक तारेएवढा असं सांगून ठेवलंय. म्हणजे जी तार वाजवायची, तसलीच तार पडद्याला बांधायची. आपल्याकडे जुन्या धोतराचं पायपुसणं करतात, त्याच घराण्यातला हा हिशेब!

पडदे कुठे बांधायचे, याचा हिशेब तर आमच्या खात्यातलाच. दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे तीर्थरूप विन्चेन्झो गॅलिलेई लूट वाजवीत. त्यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात नियम दिला : तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडून पहिला पडदा, उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून दुसरा, पुन्हा उरलेल्याचा अठरावा भाग सोडून तिसरा. अहो, ही तर घटत्या शिलकेवर घसारा काढण्याची पद्धत! मी लगेच कॅलक्युलेटर घेऊन बसलो. तार ६५० मिलिमीटरची धरली, तर बाराव्या पडद्यापाशी ती निम्मी, म्हणजे ३२५ उरायला हवी. गॅलिलेईंच्या हिशेबाने ३२७ च्या वर उरते. दोन मिलिमीटरची तफावत! आमच्याकडे एवढ्यावर रात्री दहापर्यंत बसवून ठेवतात. पण गंमत अशी, की तार दाबली की ती किंचित ताणली जाते, स्वर थोडा चढतो, आणि ही तूट बरीचशी आपोआप भरून निघते. असा देवमाणूस साहेब आम्हांला मात्र भेटला नाही.

स्वतः दुरुस्ती करणाऱ्यांचा खरा कुलगुरू मात्र टॉमस मेस. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात हा गृहस्थ गात असे, आणि त्या जागेचा हुद्दा होता 'क्लार्क'. हे वाचल्यापासून मला तो नात्यातला वाटू लागला. १६७६ साली त्याने संगीतावर एक जाडजूड ग्रंथ छापला. त्यात लूट कशी वाजवावी हे तर आहेच, पण तिचं पोट उघडून आतली डागडुजी कशी करावी हेही आहे. लूट पोसणं म्हणजे घोडा पोसण्याइतकं महाग, असं लोक म्हणत. मेसने खर्चाचे आकडे मांडून ते खोडून काढलं. (क्लार्कच तो!) शिवाय सल्ला दिला, की लूट दमट हवेपासून जपायची तर दिवसा ती रोजच्या वापरातल्या अंथरुणात, पांघरुणाखाली ठेवावी. फक्त कुणी धपकन त्या अंथरुणावर बसणार नाही, एवढं बघावं. अशाने चांगल्या चांगल्या लूट गेलेल्या त्याने पाहिल्या होत्या.

या हौसेची किंमतही होती. योहान मॅथेसन नावाच्या जर्मन संगीतज्ञाने १७१३ साली टोमणा मारला, की लूटवादक ऐंशी वर्षं जगला तर त्यातली साठ वर्षं तारा जुळवण्यातच गेली असं समजावं. बारोन नावाच्या लूटवादकाने १७२७ साली अख्खा ग्रंथ लिहून त्याला उत्तर दिलं. मध्ये चौदा वर्षं गेली. बहुधा तारा जुळवीत असावा.

पुढे गिटार आली आणि पडदे मानेत ठोकून पक्के झाले. इथे वाजवणाऱ्याच्या हातून दुरुस्ती निसटली. १८३३ पासून अमेरिकेत गिटारी बनवणारी मार्टिन कंपनी सपाट पट्टीचे पडदे बसवी. १९३४ साली तिने 'टी' अक्षराच्या आकाराचे पडदे घेतले, आणि आज सगळीकडे तेच असतात. धातू बहुधा जर्मन सिल्व्हर. म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा कणही नाही, हे आपल्या आजीच्या डब्यांमुळे आपल्याला ठाऊकच आहे. आता एका पडद्याला खळगा पडला, तर तो भरता येत नाही. बाकीचे सगळे पडदे घासून त्याच्या पातळीला आणावे लागतात. (हे तत्त्व मी इतरत्रही राबवलेलं पाहिलंय.) मग प्रत्येकाचा माथा पुन्हा गोल करायचा, मग चकाकी द्यायची. असं दोन-चारदा झालं की घासायला पडदाच उरत नाही. जुने उपटून नवे बसवावे लागतात.

आपल्याकडे याची वाटणी फार शहाणपणाने झाली आहे. सतारीचे पडदे धातूचे खरे, पण दोऱ्याने बांधलेले. रागाप्रमाणे ते सरकवायचं काम सतारिया स्वतः करतो. जवारी काढायची वेळ आली, म्हणजे घोडीचा माथा घासायचा झाला, की मात्र बहुतेक जण मिरजेची वाट धरतात. तिथल्या शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात ते तंबोऱ्या-सतारींकडे वळले. कानस कुठे थांबवायची, हे त्या हातांना आधीपासून ठाऊक होतं.

मला वाटतं, सगळ्या प्रश्नाचं मर्म या दोऱ्यात आहे. दोऱ्याची गाठ चुकली तर सोडता येते. आमच्या भाषेत, उलट नोंद करून खातं पूर्ववत करता येतं. कानशीने गेलेल्या धातूची उलट नोंद नाही.

अपवाद आहेत. जाको पास्टोरियस या अमेरिकन वादकाने आपल्या बास गिटारचे पडदे सरळ काढून टाकले, खाचा लुकणाने बुजवल्या, वर बोटीला लावतात तसा इपॉक्सीचा लेप दिला, आणि १९७६ च्या पहिल्याच रेकॉर्डने जगाला वेड लावलं. पडदे झिजण्याचा प्रश्न त्याने पडद्यांसकट निकालात काढला.

आणि ब्रायन मे? पुढे 'क्वीन'मध्ये गाजलेला हा मुलगा १९६३ साली वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला बसला. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची. त्यातली किड्यांची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली. मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं कामाला आली. दोनेक वर्षं खपून केलेली ही गिटार त्याने जगभर वाजवली. १९९८ साली तिची मोठी दुरुस्ती निघाली, तेव्हा त्याने ती ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिराच्या हाती सोपवली. जिची काडी न् काडी स्वतःच्या हाताने बसवली, तिच्यासाठी त्याने दुसऱ्याचा हात मागितला. यात मला कमीपणा दिसत नाही, माया दिसते.

हे सगळं मी चिरंजीवांना सांगितलं. म्हटलं, "तारा बदल, धूळ पूस, पडदे घासून चमकव, तेवढं तुझं. कानस धरायचीच हौस असेल तर जुन्या बाजारातून एखादी मोडकी गिटार आण आणि तिच्यावर हात बसव. पण ही आजोबांनी घेऊन दिलेली. ही कारागिराकडे ने, आणि तो काम करील तेव्हा शेजारी बसून बघ."

"आणि तोवर?" त्याने विचारलं.

"तोवर अंथरुणात ठेव," मी म्हणालो. "फक्त वडलांना तेवढं सांगून ठेव."