रॅगिंग आणि महाविद्यालयाची जबाबदारी

रॅगिंगबद्दल विद्यार्थ्याबरोबर त्याच्या महाविद्यालयालाही जाब विचारणारे कायदे भारतात विसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. त्याआधीही मारहाण, धमकावणे, कोंडून ठेवणे हे भारतीय दंड संहितेखालचे गुन्हेच होते; पण वसतिगृहात घडलेले असे प्रकार पोलीस ठाण्यापर्यंत क्वचितच जात. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत या छळाला ‘इंट्रो’ असे साळसूद नाव होते. नव्या मुलाने मान खाली घालून स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभे राहायचे, सीनियरची जर्नल्स उतरवून द्यायची, रात्री-अपरात्री बोलावणे आले की त्याच्या खोलीवर हजर व्हायचे. पुढे काय होईल ते त्या खोलीतल्यांच्या मर्जीवर. तक्रार झालीच, तर माफीनामा लिहून घेऊन प्रकरण मिटवण्याकडे महाविद्यालयांचा कल असे.

नोव्हेंबर १९९६ मध्ये तमिळनाडूतील अण्णामलै विद्यापीठात वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा त्याच्या सीनियरने खून केला आणि राज्य हादरले. खालच्या न्यायालयाने १९९८ मध्ये आरोपीला दोषी ठरवले, २००१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्याला सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. दरम्यान तमिळनाडूने १९९७ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. केरळने १९९८ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये तेच केले.

महाराष्ट्राचा कायदा छोटा आहे, पण व्याख्येत तो बराच पुढे गेला. शारीरिक इजेबरोबर मानसिक त्रास, भीती, लाज वाटायला लावणे आणि विद्यार्थी एरवी स्वखुशीने करणार नाही असे काही करायला लावणे, हे सारे त्यात रॅगिंग ठरते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. खरे महत्त्वाचे आहे ते कलम ६ आणि ७. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाची लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचे आणि तक्रार ताबडतोब पोलिसांकडे पाठवायची. हे टाळणारा प्रमुख रॅगिंगला मदत करणारा मानला जातो आणि त्यालाही तीच दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. प्राचार्याच्या गप्प बसण्यालाच या तरतुदीने गुन्हा ठरवले.

४ मे २००१ रोजी ‘विश्व जागृती मिशन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. रॅगिंग रोखता न येणे हा व्यवस्थापन, प्राचार्य आणि वसतिगृहाचे रेक्टर यांचा निष्काळजीपणा समजला जाईल, असे त्यात स्पष्ट होते. सूचना कागदावर राहिल्या. म्हणून न्यायालयाने सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांची समिती नेमली. तिच्या अहवालानंतर मे २००७ मध्ये आदेश निघाला: संस्थेच्या कारवाईने पीडिताचे किंवा पालकांचे समाधान झाले नाही, तर संस्थेने स्वतः पोलिसांत गुन्हा नोंदवलाच पाहिजे.

तरीही मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सीनियरांच्या मारहाणीनंतर पहिल्या वर्षाचा १९ वर्षांचा विद्यार्थी दगावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले आणि वैद्यकीय परिषदेनेही स्वतंत्र विनियम केले. विद्यार्थी व पालकांची प्रतिज्ञापत्रे, रॅगिंगविरोधी समिती, वसतिगृहावर अचानक धाड घालणारे पथक, १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन, नव्या मुलांची निनावी पाहणी, हे सगळे तेव्हापासून. दंडनीय प्रकार असल्यास माहिती मिळाल्यापासून २४ तासांत प्राथमिक माहिती अहवाल नोंदवायचा, हेही प्रमुखावर बंधनकारक झाले. चुकणाऱ्या संस्थेचे अनुदान किंवा संलग्नता जाऊ शकते. घाबरलेले मूल तक्रार लिहून देत नाही, हे वास्तव नियमांनी प्रथमच पुरते मान्य केले होते. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, प्रदेश, लिंग यांवरून होणारा छळही व्याख्येत स्पष्टपणे आला.

मे २०१९ मध्ये मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात आदिवासी समाजातील निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. तीन सीनियर डॉक्टरांवर आत्महत्येस प्रवृत्त करणे, अॅट्रॉसिटी आणि महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा यांखाली गुन्हा दाखल झाला. आपण रुग्णालयात तक्रार केली होती, असे कुटुंबीयांनी सांगितले. लेखी तक्रार आलीच नव्हती, असे प्रशासनाने. २००९ च्या विनियमांपुढे हा बचाव टिकणारा नाही, पण १९९९ च्या कलम ६ मध्ये त्याला जागा आहे. मुलाच्या जिवावर बेतणारी ही पळवाट विधिमंडळाने बंद केली पाहिजे, आणि प्रमुखाला कळले त्या क्षणापासून त्याची जबाबदारी सुरू होते असे राज्याच्या कायद्यातच लिहिले पाहिजे.