आमवाताचा इतिहास: सांध्यांपासून स्नायू आणि मणक्यापर्यंत

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात हा सांध्यांचा रोग, अशी आपली समजूत असते. स्नायू झिजणे, तोल जाणे आणि मणका खचणे हीदेखील त्याचीच अंगे आहेत. ही गोष्ट लक्षात यायला वैद्यकशास्त्राला एवढा वेळ का लागला, ते या पाठात पाहू.

१८०० साली पॅरिसमध्ये लाँद्रे-बोव्हे यांनी आपल्या प्रबंधात या रोगाचे वर्णन केले. १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी त्याला आजचे नाव दिले. नावातच सांधा आला, त्यामुळे लक्षही सांध्यावरच राहिले. सांध्याभोवतीचे स्नायू वाळतात हे जेम्स पॅजेट यांनी १८७३ मध्ये नोंदवले होते. पण सांधा हलत नाही म्हणून स्नायू वाळतो, एवढाच अर्थ त्यातून बराच काळ घेतला गेला. उपचार म्हणून विश्रांतीच सांगितली जाई, आणि विश्रांतीने स्नायू आणखी वाळत.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका रुग्ण तरुणीला कॉर्टिझोन दिले. जेमतेम हालचाल करू शकणारी ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हे औषध दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात आणि स्नायू दुबळे पडतात, हे लवकरच दिसून आले. म्हणजे रोगामुळे होणारी हानी आणि औषधामुळे होणारी हानी एकाच ठिकाणी जमा होऊ लागली.

१९९० च्या दशकात रूबेनॉफ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की टीएनएफसारखी दाहकारक प्रथिने स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वाढवतात. स्नायूच्या जागी चरबी वाढली तर वजनकाटा तोच आकडा दाखवतो आणि झीज लपून राहते. हीच दाहकारक प्रथिने हाड खाणाऱ्या पेशींनाही चालना देतात.

आता मणक्यावरील भाराचा हिशोब करू. समजा, कमरेवरच्या भागाचे वजन ३०० न्यूटन आहे आणि थोडे वाकल्यावर ते मणक्यापासून २० सें.मी. पुढे येते. पाठीचे स्नायू मणक्याच्या ५ सें.मी. मागून ओढतात. तोल राखण्यासाठी त्यांना ३०० × २० ÷ ५ = १२०० न्यूटन बल लावावे लागते, म्हणून मणक्यावर सुमारे १५०० न्यूटन भार येतो. स्नायू दुबळे झाले, पाठ आणखी झुकली आणि ते अंतर ३० सें.मी. झाले, तर हाच भार २१०० न्यूटन होतो. ढोबळ आकडे धरले तरी मुद्दा स्पष्ट आहे: हाड कमजोर होत असतानाच त्यावरचा भार वाढतो. त्यात पाऊल वाकडे झालेले आणि मांडीत जोर नाही, मग तोल गेल्यावर सावरणार कसे?

आपल्याकडची महत्त्वाची नोंद पुणे जिल्ह्यातील भिगवणची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये तेथे घरोघरी पाहणी सुरू केली. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना हाडे-सांधे-स्नायूंचे दुखणे होते आणि सुमारे ०.५ टक्के जणांना आमवात होता. म्हणजे साधारण दोनशे प्रौढांत एक. अशा पाहणीची सुरुवात ‘कुठे दुखते?’ या प्रश्नाने होते. परंतु मणका पुष्कळदा न दुखताच खचतो. उंची कमी झाली किंवा पोक आले, की ‘वय झाले’ म्हणून घरचे सोडून देतात.

पुढे दृष्टी बदलली. २००३ मध्ये नेदरलँड्समधील दोन वर्षांच्या चाचणीत जोरकस व्यायामाने रुग्णांची कार्यक्षमता सुधारली. आधीच फार झिजलेल्या मोठ्या सांध्यांबाबत मात्र सावधगिरी सुचवली गेली. २००८ मध्ये आलेल्या ‘फ्रॅक्स’ या अस्थिभंगाचा धोका मोजणाऱ्या साधनात आमवात आणि स्टेरॉइड यांचे दोन वेगळे रकाने आहेत.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. जे मोजले जाते त्यावरच उपचार होतो. तुमच्या घरात आमवाताचे कोणी असेल, तर बोटांची सूज पाहून थांबू नका. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येते का, उंची कमी झाली आहे का, हेही पाहा आणि डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइड मात्र मनाने सुरू करू नये आणि मनाने बंदही करू नये.